हॉटेल चांदनीचं मौन

तिकमीने अंगणातून हाक मारली की नाल्यापलीकडच्या कुरणात तिची गाय मान वर करी, आणि तिच्या मागोमाग दुसऱ्यांच्या गाईसुद्धा घरी यायला निघत. शिलाधारच्या लोकांना या आवाजाची इतकी सवय होती, की वरच्या आळीत निरोप धाडायचा असला तर माणसं मोबाइल काढायच्या आधी तिकमीचं दार ठोठावत. देव ज्याला त्याला काहीतरी देतोच. तिकमीला त्याने गळा दिला होता. आणि त्याच देवाने वर्षातून एकदा, माघ साजाच्या दिवसापासून, तो गळा बंद ठेवायची आज्ञाही दिली होती.

माघ साजाला, म्हणजे संक्रांतीला, गावचे देवता महाराज इंद्राच्या सभेला स्वर्गात जातात. देवळाचं दार मिटतं. महिन्याभराने ते परत येईपर्यंत गावात मोठा आवाज करायचा नाही. ढोल नाही, टीव्ही नाही, लाकडं फोडणं नाही. गाईंच्या घंटांमध्ये लोकर कोंबायची, कुकरची शिटी काढून कोनाड्यात ठेवायची. बोलायचं ते कुजबुजत, आणि शक्यतो हातांनीच. तिकमी लग्न होऊन आली त्या वर्षापासून हे मौन कसोशीने पाळत होती. तिला ते किती जड जातं हे सगळ्यांना दिसत असे, म्हणून तिच्या मौनाला गावात मान होता. जो मुळातच कमी बोलतो त्याने व्रत पाळलं, तर त्यात त्याने सोडलं काय?

हॉटेल चांदनी तिच्या नवऱ्याने, ढालेरामने, बांधलं होतं. दगडाच्या भिंती, देवदाराच्या तुळया, वर पत्र्याचं उतरतं छप्पर आणि समोर लांबलचक व्हरांडा. एका पावसाळ्यात नाल्याने पूल नेला, आणि पुलाबरोबर पाहुणेही गेले. नव्या पुलाची वाट बघता बघता ढालेरामही गेला. डोंगरात बंद घर फार दिवस रिकामं राहत नाही. एका खोलीत कुणाचं गवत आलं, दुसरीत कुणाच्या सफरचंदाच्या पेट्या, आणि समोर बर्फाचं शिखर दिसतं त्या सगळ्यात उत्तम खोलीत झाबेरामचे बटाटे. झाबेराम तिकमीचा धाकटा दीर, शिवाय देवस्थानाचा कारदार, म्हणजे तिथला कारभार बघणारा. त्यामुळे त्याच्या बटाट्यांना कुणी उठा म्हणत नसे. वीस-बावीस वर्षं ते बटाटे त्या शिखरासमोर सुखाने नांदले.

मग लोखंडी पूल झाला आणि चंदीगडहून तिकमीची सून सुनैना आली. ती माहेरची कांगड्याची, तिथल्या सपाट मुलखातली. चंदीगडच्या एका मोठ्या हॉटेलात तिने चांगली नोकरी केली होती. तिने नवऱ्याला, लोकिंदरला, सांगितलं की एक हिवाळा मी हे चालवून बघते. चाललं तर तूही ये, नाही चाललं तर फाल्गुनात मी परत. तिकमीने हे ऐकलं आणि त्या दिवसापासून तिच्या जपात एक मागणं वाढलं. हॉटेलची तिला हौस नव्हती. तिला फक्त रात्री जेवायला बसल्यावर समोर दोन ताटं हवी होती.

हॉटेल उघडायचं तर मुहूर्त देवाकडूनच घ्यायला हवा. दसऱ्यानंतर देवतेच्या पालखीपुढे सगळे जमले. गूर, म्हणजे ज्याच्या तोंडून देवता महाराज बोलतात तो, थरथरत म्हणाला, "माघ साजा." सगळ्यांनी हात जोडून जयजयकार केला. साजा म्हणजे शुभ दिवस, त्यात विचारायचं काय? कारदाराने मान डोलावली, म्हाताऱ्यांनी डोलावली, तिकमीने तर सगळ्यात मोठ्याने जय म्हटलं. सुनैनाने त्याच संध्याकाळी फोनवर पाहुणे पक्के केले.

पौष संपत आला तेव्हा तिकमी सवयीने कुकरची शिटी काढायला गेली, आणि शिटी हातात धरून तशीच उभी राहिली.

तोवर ही गोष्ट एकाच्याही ध्यानात आली नव्हती. मौन त्यांच्या इतकं अंगवळणी पडलेलं, की ते कुणी तारखेत धरतच नसे. थंडी पडते तसं मौन पडतं. आता काय करायचं? देवता महाराजांनी जो दिवस दिला, त्याच दिवशी ते स्वतः स्वर्गात निघणार. मुहूर्त बदलून मागावा, तर ते त्यांना तुम्ही चुकलात म्हणण्यासारखं. झाबेरामने दोन दिवस टोपी मागेपुढे केली आणि अखेर निवाडा दिला. हॉटेल उघडेल, पण आवाज न करता.

"हॉटेलातून एक जरी आवाज निघाला, भाभी," तो म्हणाला, "तर मी स्वतः कुलूप घालीन. मग ते पुन्हा उघडायचं कुणी नाव काढायचं नाही."

"आणि बटाटे?" तिकमीने शांतपणे विचारलं.

"बटाट्यांचं इथे काय?"

"नाही, कुलूप घालायच्या आधी त्यांना आत घ्यावं लागेल ना. बिचारे अंगणात कुडकुडतायत."

झाबेराम टोपी नीट करत निघून गेला. पण सुनैनाचा चेहरा उतरला. तिने चंदीगडहून आणलेली मोठी बॅग अजून पलंगाखालीच होती, अर्धी भरलेली. तिकमी रोज झाडताना त्या बॅगेला वळसा घालून झाडत असे.

साजाच्या पहाटे देवळाचं दार मिटलं आणि सगळं गाव पाय न वाजवता हॉटेलसमोर आलं. झाबेरामचा आग्रह होता की ढालेरामने घातलेलं तेच जुनं कुलूप पुन्हा लावावं आणि विधिपूर्वक उघडावं. लावलं. किल्ली फिरवली तर कुलूप ढिम्म. हातोडीचा एक घाव घातला असता की काम झालं असतं, पण हातोडी आता देव परत आल्यावरच. बर्फात उभं राहून अख्खं गाव एका कुलपाकडे बघत राहिलं. ज्याला त्याला उपाय ठाऊक होता, आणि जो तो तो हातवाऱ्यांनी सांगत होता, त्यामुळे लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं की इथे मधमाश्यांचं मोहोळ उठलंय. शेवटी तिकमीने नैवेद्यातलं कढत तूप कुलपात ओतलं आणि मनात देवाचं नाव घेत थांबली. थोड्या वेळाने कुलूप आपणच खाली आलं. झाबेरामने ते बर्फात पडायच्या आधी झेललं. चटका बसला तरी तो हूं की चूं बोलला नाही, हेही सांगायला हवं.

दुपारी पुलावरून जीप आली. लुधियान्याचे निरंजनसिंग आणि त्यांची पत्नी सतवंत कौर उतरले. सरदारजींनी शिखराकडे बघितलं, दोन्ही हात पसरले आणि छातीच्या तळापासून म्हणाले, "सत श्री अकाल!"

समोरच्या डोंगराने ते आदराने परत केलं. गावातल्या प्रत्येक छपरावर एकेक डोकं उगवलं. झाबेराम तर खांद्यावर पोतं घेऊन अंगणातच उभा होता.

सतवंत कौर नवऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन त्याहून मोठ्याने म्हणाल्या, की जरा हळू. मग सुनैनाकडे वळून त्यांनी तेवढ्याच आवाजात खुलासा केला. विणकामाच्या कारखान्यात, यंत्रांच्या खडखडाटात, यांचा जन्म गेला. कान गेले. कानातलं यंत्र शिट्टी मारतं म्हणून खिशात ठेवतात. यांना ऐकू जावं म्हणून मी ओरडते, आणि आता मला हळू बोलताच येत नाही.

सुनैना भिंतीसारखी पांढरी पडली. झाबेरामने पोतं खाली ठेवलं आणि खिसा चाचपला. कुलूप खिशातच होतं.

तिकमी पुढे झाली. तिने सरदारजींसमोर ओठांवर बोट ठेवलं. मग देवळाकडे दाखवलं, हात जोडले, आणि दोन्ही तळहातांनी एक पक्षी करून तो आकाशात सोडला. पुढे तिने गाव दाखवलं, आपला गळा दाखवला, त्यावरून हात आडवा फिरवला, आणि असा काही दुःखी चेहरा केला, की छपरावरची दोन डोकी हसायला मागे वळली.

सरदारजी टक लावून बघत होते. मग त्यांनी बोटांनी विचारलं, अगदी सफाईने: देव वर? परत कधी?

तिकमी चकित झाली. जन्मभर मौन पाळणाऱ्या शिलाधारच्या माणसांचे हातसुद्धा इतके सरळ बोलत नव्हते. मग सतवंत कौरनी शक्य तेवढं कुजबुजत सांगितलं, की कारखान्यात यंत्रं चालू असली की कुणाला काही ऐकू जात नसे. तिथले सगळे कारागीर हातांनीच बोलत. यांना ती भाषा मातृभाषेसारखी येते. घरी मात्र ती कुणाला येत नाही.

झाबेरामने खिशातलं कुलूप बाहेर काढलं नाही. येतानाचा आवाज पाहुण्याचा, हॉटेलचा नाही, असं त्याने ठरवलं. पण आपण रोज येऊन बघणार, हेही त्याने बोटाने बजावलं.

चार दिवसांसाठी आलेले सरदारजी आठवड्यानंतरही जायचं नाव काढीनात. सकाळी ऊन आलं की ते व्हरांड्यात खुर्ची टाकत, आणि गावातले म्हातारे एकेक करून तिथे येत. बोलणं सगळं हातांनी. कुणाची गाय व्यायली, कुणाची सून रुसली, कुणी गुपचूप लुगडी, म्हणजे तांदळाची घरगुती दारू, प्यायली, सगळं सरदारजींना कळे, आणि तेही इतरांच्या आधी. पत्त्यांच्या डावात तर त्यांच्यासमोर कुणाची लबाडी चालेना, कारण ते पत्त्यांकडे नव्हे, चेहऱ्यांकडे बघत.

एकदा सतवंत कौर स्वयंपाकघरात तिकमीजवळ बसल्या. वाफवायच्या सिड्डूंच्या पिठात अक्रोडाचं सारण भरता भरता त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "बहेनजी, घरी नातवंडं काही तरी सांगतात आणि हसतात. यांनी काय म्हणालात विचारलं की म्हणतात, काही नाही, दारजी. दिवसभर काही नाही, काही नाही. इथे आल्यापासून यांना कुणी 'काही नाही' म्हटलेलं नाही."

त्या संध्याकाळी तिकमीच्या हातून सरदारजींच्या सिड्डूवर तुपाची धार नेहमीपेक्षा लांब पडली.

सरदारजींनीही गावाला एक खूण दिली. कारखान्यात विणताना दोरा तुटला की कारागीर दोन बोटं जुळवून झटक्यात लांब करी, म्हणजे यंत्र थांबवा, दोरा तुटला. शिलाधारला ही खूण फार आवडली. कुणी चुकून मोठ्याने शिंकलं, कुणाच्या हातून भांडं पडलं, की चारी बाजूंनी बोटं जुळून लांब होत: दोरा तुटला. तिकमीने मात्र आपल्यावर ती खूण करायची वेळ कुणावर आणली नाही. एकदा तिची गाय भलतीकडे निघाली होती. तिकमीने तोंड उघडलं, मिटलं, आणि पदर खोचून बर्फातून गाईमागे धावत गेली. तेव्हा सगळं गाव छपरावर उभं राहून मजा बघत होतं.

झाबेराम रोज दुपारी पहाऱ्याला येई. हॉटेलातून आवाज निघत नाही ना, हे बघायला. बघायचं म्हणजे बसायला हवं, बसायचं म्हणजे चहा हवा, आणि चहाबरोबर दोन सिड्डू आले तर देवाघरच्या माणसाने अन्नाला नाही कसं म्हणावं? हळूहळू तो पत्तेही पिसू लागला. कुलूप मात्र त्याच्या खिशात होतंच. तो खुर्चीत बसला की ते लाकडावर बारीकसं टकटक करी, आणि चहा देणाऱ्या सुनैनाचा हात त्या आवाजाने दरवेळी थबके.

मौन संपत आलं होतं. त्या दुपारी ऊन चांगलंच तापलं. डाव रंगात होता. सरदारजींना ऊन कमी पडलं, म्हणून ते आपली खुर्ची उचलून व्हरांड्यातून खाली अंगणात, छपराच्या कडेखालीच, जाऊन बसले. झाबेराम पत्ते वाटत होता. तिकमी गोठ्याकडून गवताचा भारा घेऊन येत होती. तिने सहज वर बघितलं.

पत्र्यावर महिन्याभराचा साचलेला बर्फ हलला होता. त्याची जाड कड छपराबाहेर आली होती, आणि आणखी येत होती.

तिकमीचं तोंड उघडलं. जी हाक नाल्यापलीकडच्या गाईला वळवते ती तिच्या गळ्यात येऊन उभी राहिली. त्या क्षणी तिला व्रत आठवलं नाही, हे खरं सांगायला हवं. एका जिवापुढे ती व्रत मोडायला तयार होती, आणि देवानेही तिला त्याबद्दल विचारलं नसतं. तिला आठवलं ते इतकंच, की हा माणूस ऐकत नाही. जन्मात पहिल्यांदा तिचा आवाज कुचकामाचा होता. तिने भारा टाकला, बर्फाचा गोळा केला आणि नेम धरून सरदारजींच्या खांद्यावर हाणला.

सरदारजींनी चमकून वळून बघितलं. तिकमीचे दोन्ही हात वर गेले, खाली आले आणि बाजूला झाले. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. ते तिचे हात वाचूनच तीन ढांगांत बाजूला झाले.

आणि त्याच वेळी व्हरांड्यातून, हातातले पत्ते उधळत, एक आवाज निघाला:

"सरदारजीऽऽ, पळा!"

बर्फाचा ढिगारा धप्पकन खुर्चीवर आला. पण बर्फाचा तो आवाज कुणाच्या लक्षात राहिला नाही. समोरच्या डोंगराने झाबेरामची हाक घेतली, वरच्या डोंगराला दिली, त्याने ती देवळावरून फिरवून परत आणली. सरदारजीऽऽ पळा, सरदारजीऽऽ पळा. मग सगळं शांत झालं.

छपराछपरांवर डोकी उगवली होती. देवस्थानाचा कारदार हॉटेल चांदनीच्या व्हरांड्यात तोंड उघडं टाकून उभा होता. सरदारजींनी आपली दबलेली खुर्ची बघितली, झाबेरामचं उघडं तोंड बघितलं, आणि गंभीर चेहऱ्याने दोन बोटं जुळवून झटक्यात लांब केली. मागून छपरावरच्या सगळ्यांनी तेच केलं. लहानांनी केलं, म्हाताऱ्यांनी केलं. सुनैना हसू फुटू नये म्हणून पदर तोंडात धरून आत पळाली. पण दारातच तिची पावलं थांबली, कारण तिला झाबेरामचीच अट आठवली. आवाज हॉटेलातून निघाला होता.

तिकमीलाही ती आठवली होती. तिने झाबेरामकडे बघितलं. तो खिशात हात घालून, मान खाली घालून घरी गेला. त्या रात्री तिकमी देवासमोर बराच वेळ बसली. तिने दिराचं वाईट मागितलं नाही. हॉटेलसाठीही तिने काही मागितलं नाही. तिने फक्त सांगितलं, की तो ओरडला ते एका जिवासाठी ओरडला, हे तुमच्या कानावर असू द्या. सकाळी झाडताना तिने त्या बॅगेला वळसा घातला नाही. ती ओढून पुसली आणि सुनैनाजवळ ठेवली. जे होईल ते होईल.

देवता महाराज परत आले त्या दिवशी सगळं गाव देवळापुढे जमलं. सरदारजी आणि सतवंत कौरही आले होते. दार उघडलं. गूरचं अंग थरथरू लागलं.

"मी सभेत बसलो होतो," गूर म्हणाला. "माझ्या गावातून एक हाक वर आली. कुणाची?"

कुणी झाबेरामकडे बघितलं नाही, आणि ते न बघणं इतकं ठळक होतं, की देवाला वेगळं विचारायची गरजच नव्हती. तरी झाबेराम स्वतःच पुढे आला. त्याने टोपी काढून हातात घेतली. हाक माझी, तो म्हणाला. पाहुणा बर्फाखाली जात होता. त्याला ऐकू येत नाही हे मला माहीत होतं, तरी ओरडलो. मग त्याने खिशातून कुलूप काढलं आणि देवापुढे ठेवलं. "अट मी घातली होती, महाराज, आणि मोडलीही मीच. आता हे कुठे लावायचं ते तुम्ही सांगा."

गूर बराच वेळ डोलत राहिला. मग म्हणाला, "दंड द्यावा लागेल. गावाला जेवू घाल. हाक जिथून आली, तिथेच."

थोडा वेळ कुणालाच कळेना. मग गावात पहिला मोठा आवाज झाला, तो हसण्याचा होता. गावाला जेवू घालायचं तर हॉटेल उघडं हवं, चुली पेटलेल्या हव्यात, आणि मदरा, म्हणजे दह्यातली भाजी, शिजवायला बटाटे हवेत. झाबेरामचे बटाटे पुन्हा हॉटेलात जाणार होते, पण या वेळी पातेल्यात.

"भाभी," तो कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, "देवाशी तुमचं आधीच काही बोलणं झालं होतं का?"

"मी कशाला बोलू?" तिकमी म्हणाली. "माझं तर मौन होतं."

ढोल वाजले, नरसिंगे फुंकले, कुकरच्या शिट्या कोनाड्यातून बाहेर आल्या. महिनाभर कोंडलेलं गाव एकदम बोलू लागलं. तिकमीने घरी पोचल्या पोचल्या नाल्यापलीकडे अशी एक खणखणीत हाक घातली, की तीन घरच्या गाई अंगणात हजर झाल्या. हॉटेलच्या अंगणात पंगतीची तयारी सुरू झाली. सुनैना फोनवर लोकिंदरला मोठमोठ्याने सांगत होती, की येताना पातेली घेऊन ये, मोठी, आणि हो, स्वतःचे कपडे सगळे आण, नुसते चार दिवसांचे नकोत. तिची रिकामी बॅग माळ्यावर गेली होती. तिकमीने ते बघितलं आणि गुपचूप परात उचलली. काही गोष्टींना हाक मारली की त्या बिचकतात.

मग तिचं लक्ष व्हरांड्याकडे गेलं. सगळे म्हातारे एकमेकांना मोठमोठ्याने गोष्टी सांगत होते, हसत होते. मधे सरदारजी बसले होते. तेही हसत होते, पण ते हसणं उशिराचं होतं. इतरांचं हसू बघून मग आणलेलं.

तिकमीने हातातली परात खाली ठेवली. ती सरदारजींच्या समोर जाऊन बसली, पाठीमागच्या कोलाहलाकडे पाठ करून, आणि हातांनी पहिल्यापासून सांगू लागली. देव सभेत बसला होता. हाक वर आली. झाबेरामने टोपी काढली. टोपी काढतानाचा झाबेरामचा चेहरा तिने असा केला, की सरदारजी आधी हसले, सगळ्यांच्या आधी. एका म्हाताऱ्याने ते बघितलं आणि तो बोलता बोलता गप्प झाला. मग दुसरा. हळूहळू व्हरांड्यात आवाज कमी झाला आणि हात हलू लागले.

झाबेराम बटाट्यांचं पोतं घेऊन दारात आला आणि थबकला. "आता काय झालं? देव परत गेले का?"

तिकमीने त्याच्याकडे न बघता दोन बोटं जुळवली. या वेळी मात्र लांब केली नाहीत.

आत सुनैना पुढच्या माघासाठी शिखरासमोरची खोली सरदारजींच्या नावाने लिहून ठेवत होती.